फेरी सोपवताना

गेगा, ही घे किल्ल्यांची जुडी.
अठ्ठावीस आहेत. त्यातल्या सहा कशाच्याच नाहीत,
कुलपं केव्हाच बदलली.
पण टाकू नकोस,
या खुळखुळाटावरूनच इथली कुत्री आपल्याला ओळखतात.

तिबिलिसीच्या नकाशात आपलं चुगुरेती
एका बोटाखाली मावतं.
फोनमधला निळा ठिपका नेईल तुला सतरा नंबरच्या दारापर्यंत,
फक्त सतरा नंबरला दार नाही.
तिथे शिरायचं ते एकोणीसच्या जिन्याखालून,
अरुस्याकच्या ओल्या चादरी हाताने सारत,
आणि सारण्याआधी खाकरायचं.
न खाकरता आत गेलेल्या माणसाला
त्या अंगणात तीन वर्षं कुणी पाणी विचारत नाही.
तो माणूस मीच होते.

शोतीची भट्टी तळघरात आहे,
म्हणून त्या गल्लीत पावाचा वास आधी गुडघ्यांना लागतो.
जुम्बेरने पिठाचे हात टेकून टेकून
चौकट पांढरी केलीय, खांद्याच्या उंचीवर.
मीटर त्याच्या पाठीमागे. वाकून वाच.
तो पाव देईल.
पैसे काढलेस तर रागावेल,
नाही काढलेस तर लक्षात ठेवेल.
तेवढं तुझं तू बघ.

तेविसाच्या तळमजल्यावर वेल लावला गुलीकोच्या सासऱ्याने,
द्राक्षं धरतात ती तिसऱ्या मजल्यावर, तेमुरच्या कठड्याला.
चाळीस वर्षं झाली.
वेल कुणी तोडत नाही, भांडणही नाही.
सप्टेंबरात गेलास तर कुणाचीच बाजू घेऊ नकोस,
दोन्हीकडची द्राक्षं खा.

चढावरच्या नऊमजली इमारतीत लिफ्ट नाणं मागते.
वर जायला पैसे, उतरणं फुकट.
तुझ्याकडे सुटे नसले
तर खाली पत्रपेट्यांवर एक बशी असते, कान तुटलेल्या कपाची,
तिच्यात चार-पाच नाणी.
कोण ठेवतं ते विचारू नकोस.
मला भीती वाटते, विचारलं की ती बशी दिसेनाशी होईल.

मागे ऑफिसातून एक मुलगी आली होती.
गळ्यात कार्ड, हातात फॉर्म.
'या वस्तीचं वैशिष्ट्य काय?'
पुढे एका ओळीची मोकळी जागा.
मी विचारलं, किती वाजताचं?
कारण सकाळी सातला इथे कप्पीवरच्या दोऱ्या कुरकुरतात
आणि कुणाचे मोजे कुणाच्या खिडकीवरून जातात ते सगळ्यांना कळतं;
दुपारी तुती टपटपतात, फरशी जांभळी होते, त्यावरून घसरून
दरसाल एक तरी जावई पडतो;
आणि रात्री दिवे गेले
की प्रत्येक सज्जातून एकच नाव ऐकू येतं,
विजेचं काम जाणणाऱ्या ओतियाचं.
तिने लिहिलं: लाकडी सज्जे.
खोटं नाही ते.

तर आता एकतीस नंबर.
रंग दिलाय, दाराला आकड्यांचं कुलूप.
सज्जा तोच, नक्षी तर आधीपेक्षा उठून दिसते.
पाहुणे येतात, तिसऱ्या दिवशी जातात,
चाकांच्या बॅगा दगडांवरून खडखडत.
मीटर जोरात पळतं तिथलं.
मी आकडा लिहिते आणि निघते,
खाकरावं असं कुणी नसतंच.

शेवटचं, नऊ नंबरचा वरचा मजला.
वारलाम गेल्यापासून मीटर एकाच आकड्यावर उभं आहे,
चार हजार चारशे सोळा.
खालूनच टाकलास यंत्रात तरी कुणाला कळणार नाही.
तरी चढ.
सातवी पायरी सैल आहे.
वर पोचलास की शेजारचं दार किलकिलं होईल,
आतून झायरा विचारेल, 'त्सियाला का गं?'
नाही म्हण.
नाव सांग, आडनाव सांग,
आईचं माहेर कुठलं विचारेल, तेही सांग.
मग ती चष्मा आणायला आत जाईल.
वेळ लागतो तिला.
थांब तिथेच.